गव्हाचे दात

काकांच्या तोंडात स्वतःचे दात होते तोवर त्या घरात कापणीसाठी कुणी कॅलेंडर पाहिलं नाही.

गहू पिवळा पडायला लागला की सगळे काकांच्या तोंडाकडे बघायचे. सकाळचं दव उडालं की काका शेतात उतरायचे. एक ओंबी तोडायचे, तळहातांत चोळायचे. फुंकर मारून कोंडा उडवायचे आणि एक दाणा मागच्या दाढेखाली ठेवायचे. मग डोळे मिटायचे. बांधावर उभं असलेलं कुणी तेवढा वेळ खोकायचंसुद्धा नाही.

कच्चा दाणा दाढेखाली मऊ पसरतो. त्याच्या पुढचा चिवट लागतो, दाताचा ठसा धरून बसतो. तयार झालेला मात्र तुटतो. 'कट्' असा आवाज येतो. तो बाहेर कुणाला ऐकू येत नाही, चावणाऱ्याच्या डोक्यात वाजतो. तो वाजला की काका डोळे उघडायचे आणि एकच शब्द बोलायचे.

"आज."

तो शब्द निघाला की घराला पाय फुटायचे. वहिनी माळ्यावरची मोठी पातेली खाली काढायच्या. पुतण्या कापणीच्या मशीनवाल्याला फोन लावायचा. कोठाराची दारं उघडायची, घुशींची बिळं बुजायची, कुत्र्याला उगाचच बांधून ठेवायचं. काकांचं काम मात्र झालेलं असायचं. ते बांधावर बसून दातात अडकलेलं कुसळ जिभेनं काढत राहायचे.

हे काम काकांकडे कसं आलं त्याचीही गंमत आहे. त्यांच्या आधी त्यांचे वडील दाणा चावायचे. त्यांच्यामागं ते थोरल्या मुलाकडे जायचं होतं. पण थोरल्याला गोडाचा भारी सोस. मिसरूड फुटायच्या आत त्याच्या दाढा किडल्या. वडिलांनी दोघा भावांना शेतात उभं केलं आणि हातावर एकेक दाणा ठेवला. थोरला चावला आणि गाल धरून खालीच बसला. धाकटा म्हणाला, "तुटला." तिथंच ठरलं.

बाकी सगळं थोरल्याचं झालं. घरातला शेवटचा शब्द, व्यापाऱ्याशी बोलणं, जेवणाच्या टेबलाची खिडकीजवळची खुर्ची. काकांच्या मनात कधी अढी आली नाही. लग्नाचं राहून गेलं, त्याचीही नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचे, "मुलगी बघायला निघायचं ठरलं की नेमकी गाय व्यायची." वर्षातून एक शब्द त्यांचा होता. तेवढा त्यांना पुरत होता.

दात हा काकांचा तिसरा हात होता. थंडीत शेतात फारसं काम नसायचं. मग ते अवजारांच्या खोलीत बसायचे. खुरप्यांना धार लावायची, कुदळींना नवे दांडे बसवायचे, तुटलेल्या टोपल्या बांधायच्या. खिळे ओठांत, दोरीचं टोक दातांत. गाठ दातांनी सोडायची, तार दातांनी वाकवायची. बाटलीचं झाकण उघडायला घरात वेगळं काही नव्हतंच, काका होते. अक्रोड फोडायला शेजारची पोरं त्यांच्यासमोर रांग लावायची. वहिनी ओरडायच्या, "भाऊजी, एक दिवस सगळे दात हातात येतील!"

"आले तर पेरू," काका म्हणायचे. "उगवले तर नवे मिळतील."

थंडी सरली की झाडांची छाटणी यायची. मग गव्हाला शेवटचं पाणी. मग कापणी, मळणी. मग रिकामं, उन्हात तडकलेलं रान, आणि दुपारी सावलीत आडवं झालेलं सगळं घर. पाऊस लागला की नांगर, वखर, तण. पाऊस ओसरला की पेरणी. काका या सगळ्यात असायचे, पण कडेकडेनं. कुणी सांगितलं तर करायचे, नाही सांगितलं तरी करायचे. पेरणी झाली की मात्र ते रोज संध्याकाळी वरच्या शेताच्या बांधावर जाऊन बसायचे. काय बघता म्हणून विचारलं तर म्हणायचे, "काही नाही. उगवतंय."

थोरला भाऊ अचानक गेला. घराचा कारभार पुतण्याकडे आला. खिडकीजवळची खुर्ची रिकामी राहिली. वहिनींनी काकांना तिथं बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. पुतण्याही बसला नाही. शेवटी मांजर बसायला लागलं. पहिल्याच वर्षी, गहू पिवळा पडल्यावर, पुतण्या काकांसमोर येऊन उभा राहिला. "काका, चला ना शेतात." बापाच्या जागी आलेला पोरगा, हात मागं बांधून उभा. काकांनी चपला घातल्या.

आणि मग काकांचे दात गेले.

आधी हिरड्या सुजल्या. मग एकेक दात डुलायला लागला. काकांनी बरेच दिवस कुणाला कळू दिलं नाही. पण एका जेवणात भाकरीच्या तुकड्यात दातच अडकून बाहेर आला आणि सगळं उघड झालं. पुतण्यानं त्यांना गाडीत घालून शहरात नेलं. दातांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दिवा लावून आत पाहिलं आणि विचारलं, "यांनी तुम्ही नक्की काय काय केलंत?"

"सगळं," काका म्हणाले.

सगळे काढावे लागले. पाऊसकाळ काकांनी शिजवून गाळ केलेल्या भाज्यांवर काढला. वहिनी वाटीत काहीतरी घोटून द्यायच्या आणि म्हणायच्या, "तुम्हाला बाळसं आलंय हो भाऊजी." हिरड्या भरल्या तशी कवळी आली. वरची, खालची, दोन्ही पांढरीशुभ्र. आरशात बघून काका म्हणाले, "हा कोण नवरदेव?" घर हसलं. तेही हसले. पण परत निघताना ते डॉक्टरीणबाईंच्या टेबलापाशी घुटमळले होते. त्यांनी हळूच विचारलं होतं, "यानं गहू चावता येईल?"

"दळून खा ना काका," बाई म्हणाल्या.

काका गाडीत जाऊन बसले.

त्या थंडीत अवजारांच्या खोलीचं दार आतून लागायला लागलं. खुरप्यांची धार लावून संपली तरी काका बाहेर येईनात. आत ते शिकत होते. कोठारातला जुना गहू त्यांनी डब्यांच्या झाकणांत घेतला होता. एका झाकणात भरपूर पाणी, एकात शिंपडल्यासारखं, एकात नुसता ओला फडका झाकलेला. डोळे मिटून ते एकेक दाणा चावायचे आणि ओळखायला बघायचे, हा ओला, हा अर्धा, हा कोरडा. जमत नव्हतं. कवळीला भार सोसत नव्हता, दाणा निसटून गालात जायचा. हिरडी दुखायची. आणि आवाज यायचाच नाही. शेजारच्या घरात भिंतीपलीकडं काहीतरी पडावं तसं काहीसं व्हायचं, बस. सगळे दाणे सारखे. कोरड्या गव्हाला त्यांनी ओला म्हटलं आणि मग बराच वेळ ते झाकणाकडे बघत बसले.

घरात कुणाला सांगावं? सांगितलं तर आपण कोण उरतो? दुपारी गुरांना पाणी दाखवणारा एक म्हातारा. हा विचार त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवला नाही. स्वतःशीही फार वेळ ठेवला नाही. पण तो जाईना.

गहू नेहमीसारखा वाढला. पोटरीत आला, ओंब्या बाहेर पडल्या, हिरव्याच्या पिवळ्या झाल्या. त्याला काय ठाऊक, या वर्षी त्याची कुणाशी गाठ आहे ते. एका सकाळी पुतण्या दारात येऊन म्हणाला, "काका, येताय?"

"तू हो पुढं. मी एकटाच जाऊन येतो. गर्दीत कळत नाही."

गर्दी म्हणजे पुतण्या आणि कुत्रा. पण पुतण्या बरं म्हणाला आणि ट्रॅक्टरपाशी थांबला.

काका शेतात शिरले. ओंबी तोडली, चोळली. सवयीनं जोरात फुंकर मारली. कोंड्याबरोबर वरची कवळीही उडाली आणि गव्हात पडली.

काका गुडघ्यांवर बसले. मग कोपरांवर आले. गव्हाच्या देठांत हात घालून ते शोधत राहिले. एक रांग झाली, दुसरी झाली. वरून नुसता गहू हलताना दिसत होता. ट्रॅक्टरपाशी उभ्या असलेल्या पुतण्याला तिथं आलेल्या वहिनींनी विचारलं, "काय चाललंय रे त्यांचं?"

"मुळं बघतायत," पुतण्या आदरानं म्हणाला. "या वर्षी फार खोलात शिरलेत काका."

कवळी सापडली. काकांनी ती धोतराला पुसली, तोंडात बसवली आणि दाणा चावला. काही कळलं नाही. ते बाहेर आले. गुडघे मातीनं भरलेले.

"अजून नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही अजून नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही. हो म्हणून चुकलं तर ओला गहू कोठारात तापतो, कुबट होतो, बुरशी धरतो, आणि वर्षभर घर त्याच्याच वासात राहतं. नाही म्हणून चुकलं तर निदान लगेच कुणाला कळत नाही. म्हणून काका नाही म्हणत राहिले. शेजारची शेतं कापून झाली. मशीनवाल्याचा फोन आला, "अहो, मी नदीपलीकडं चाललोय. एकदा गेलो की लवकर येणं नाही. काय म्हणतायत काका?"

"अजून नाही म्हणतायत," पुतण्या म्हणाला आणि आकाशाकडे बघत फोन खिशात ठेवला. पश्चिमेला ढग जमायला लागले होते. खालून काळे, वरून पांढरे. गारांचे.

त्याच दिवशी वहिनींना टोपलीचा तळ बांधायला दोरी हवी होती, म्हणून त्या अवजारांच्या खोलीत गेल्या. दोरी शोधताना फळीच्या मागं हात गेला आणि हाताला काहीतरी मऊ लागलं. डब्याच्या झाकणात गहू उगवलेला होता. बोटभर. शेजारच्या झाकणात वाळून गेलेला. तिसऱ्यात दाणे होते, आणि दाण्यांवर चावल्याच्या खुणा. वहिनींनी ते झाकण उजेडाकडे धरलं. मग दुसरं धरलं. दोरी तशीच राहिली.

काका ओट्यावर चहा पीत होते. वहिनींनी उगवलेलं झाकण त्यांच्या कपाशेजारी ठेवलं.

"भाऊजी, खोलीत पेरणी केलीत वाटतं."

काकांनी झाकणाकडे पाहिलं. मग कपात पाहिलं.

"कळत नाही ना?" वहिनींनी विचारलं. आवाज खाली आणून.

काकांनी उगवलेल्या गव्हावरून बोट फिरवलं. मग मान हलवली. नाही.

"थंडीपासून?"

"दात गेल्यापासून."

"आणि रोज शेतात जाऊन आम्हाला काय थापा मारताय? अजून नाही, अजून नाही! आकाश बघितलंत का?"

"बघितलं. म्हणून तर चहा घशाखाली उतरत नाही."

वहिनींनी कप उचलला आणि उरलेला चहा झाडाच्या बुंध्याशी ओतला. "उठा. अजून सगळे दात शाबूत असलेली एक बाई या घरात आहे."

दोघं वरच्या शेताकडे निघाले. पुढं वहिनी, मागं काका, त्यांच्या मागं कुत्रा. बांध चढून बघतात तर गव्हाच्या कडेला पुतण्या उकिडवा बसलेला. त्याच्या हातात एक छोटं यंत्र होतं. त्याच्या पेल्यात त्यानं दाणे भरले होते आणि झाकण दाबून तो वरच्या काचेत बघत होता. चाहूल लागताच त्यानं ते शर्टाच्या आत घातलं. पण पोट एकदम चौकोनी दिसायला लागलं.

"काढ बाहेर," वहिनी म्हणाल्या.

त्यानं काढलं.

"हे काय आहे?" काकांनी विचारलं.

"ओलावा मोजायचं," पुतण्या पायांकडे बघत म्हणाला.

"कधी आणलंस?"

"बाबा गेले त्या वर्षी."

काका बांधावर बसले. वारा सुटला होता आणि गहू एका अंगानं झुकत होता. "म्हणजे तुला दरवर्षी कळायचं."

"आकडा कळायचा."

"माझं कधी चुकलं?"

पुतण्या ओंबीचं कुसळ खुडत राहिला.

"अरे, विचारतोय ना मी."

"एकदा."

"कुठल्या वर्षी?"

"ते नाही सांगणार."

"मग काय केलंस त्या वर्षी?"

"तुम्ही दुपारी झोपलात की गहू अंगणात पसरायचो. तुम्ही उठायच्या आत भरून ठेवायचो."

वहिनींनी कपाळावर हात मारला. "म्हणजे एक यंत्र लपवतोय आणि एक दात लपवतोय! आणि मी मधे मूर्खासारखी पातेली घासतेय!"

काका हसले नाहीत. ते यंत्राकडे बघत होते. "मग मला विचारतोस कशाला रे?"

"यंत्र आकडा दाखवतं काका. तो बघून मला झोप लागत नाही. दहा वेळा मोजतो. वाटतं, आपलंच काही चुकत असेल. तुम्ही आज म्हणालात की मला भूक लागते. जेवतो आणि कामाला लागतो." त्यानं यंत्र पाठीमागं धरलं. "आत्ताही मोजलंय. पण मी सांगणार नाही. आधी तुम्ही सांगा."

"मला कळत नाही, बाळा. दात नाहीत. रोज खोटं बोलतोय मी."

पुतण्या हळूच म्हणाला, "त्या दिवशी मुळं नव्हता बघत?"

"कवळी शोधत होतो."

आता मात्र तिघंही हसले. वहिनी इतक्या हसल्या की त्यांना बांधाचा आधार घ्यावा लागला. हसता हसताच त्यांनी ओंबी तोडली, चोळली आणि दाणा दाढेखाली ठेवला. "मी चावते, तुम्ही ऐका."

काका कान पुढं करून उभे राहिले. वहिनी चावल्या.

"आलं ऐकू?"

"नाही. जोरात चावा."

"मी काय घोडी आहे?"

पुन्हा चावल्या. काहीतरी वाजलं, पण ते काकांच्या ओळखीचं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी तो आवाज आतून ऐकला होता. बाहेरून तो परका होता. कुणाच्याही चावण्यासारखा. त्यांनी मान हलवली आणि हात खाली सोडले. ढग आता अर्ध्या आकाशात होते.

मग त्यांना काय सुचलं कोण जाणे. ते पुतण्याजवळ गेले. "आ कर." त्यानं आ केला. काकांनी एक दाणा त्याच्या मागच्या दाढेवर ठेवला, लहानपणी औषधाची गोळी ठेवायचे तसा. मग तळहात त्याच्या गालावर दाबून धरला, बोटं कानाच्या खाली जबड्याच्या हाडावर. कालवडीच्या पोटावर हात ठेवून आतलं वासरू जोखावं तसा. त्यांनी डोळे मिटले.

"चाव. सावकाश."

पुतण्या चावला. वहिनींनी श्वास रोखला. कुत्रासुद्धा बसला.

काकांच्या हाताखाली हाड हललं. ताण आला, वाढला. आणि मग एकदम काहीतरी सुटलं. ते हाडातून त्यांच्या तळहातात आलं, मनगटातून वर चढलं. कट्.

काकांनी हात काढला नाही. "अजून एक," ते म्हणाले. दुसरी ओंबी शेताच्या मधून आणली. तिसरी खालच्या कोपऱ्यातून, जिथं पाणी साचतं. पुतण्या मुकाट्यानं चावत होता. तिसऱ्या दाण्याला काका किंचित थांबले. मग त्यांनी डोळे उघडले.

"आज," ते म्हणाले. "फक्त खालचा कोपरा शेवटी कापा."

पुतण्यानं यंत्र पाठीमागून पुढं आणलं. काचेत पाहिलं. मग ते काकांच्या हातात दिलं आणि पळत सुटला. पळता पळता मशीनवाल्याला फोन लावत होता. "नदी ओलांडलीत का? मग फिरा मागं! आज! हो, काका म्हणाले!"

काकांनी यंत्र उलटसुलट करून पाहिलं. चष्मा घरी राहिला होता. त्यांनी ते वहिनींकडे दिलं. वहिनींनीही न बघता पदरात गुंडाळलं आणि पातेली काढायला निघाल्या.

मशीन आलं. दिवस मावळायच्या आत वरचं शेत झालं, मग मधलं, मग खालचा कोपरा. शेवटची ट्रॉली कोठाराच्या दारातून आत गेली आणि पत्र्यावर पहिली गार पडली. मग पत्रा असा वाजायला लागला की कुणाला कुणाचं बोलणं ऐकू येईना. काका गव्हाच्या ढिगावर कोपरापर्यंत हात खुपसून बसले होते. गहू कोरडा आणि कोमट होता, दिवसभराच्या उन्हाचा. ते पुतण्याकडे बघून काहीतरी म्हणाले. त्याला ऐकू आलं नाही. त्यानं मान डोलावली.

त्यानंतरही वर्षं तशीच फिरत आहेत. थंडीत धार, मग छाटणी, मग शेवटचं पाणी. गहू पिवळा पडला की काका आणि पुतण्या दोघं मिळून शेतात जातात. एकाचा हात दुसऱ्याच्या गालावर. रस्त्यानं जाणारे बघतात आणि हसतात. यंत्र बांधावर ठेवलेलं असतं. ते नंतर बघतात. कधी जुळतं. नाही जुळलं तर दोघं भांडतात, आणि मग वहिनी दाणा चावून निकाल देतात. तो कुणीच मानत नाही.

नवा झालाय तो एकच त्रास, आणि तो पुतण्याला. काका आता त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून असतात. गोड खाल्लंस का? चूळ भरलीस का? ती गाठ हातानं सोड. परवा कापणीनंतर अंगणात सगळे बसले होते. घामेजलेल्या मशीनवाल्यानं थंड पेयाची बाटली पुढं केली. उघडायला काही सापडेना. पुतण्यानं सवयीनं बाटली तोंडाकडे नेली.

काका जागेवरून उठले, ताडकन. त्यांनी बाटली त्याच्या हातातून हिसकावून घेतली.

"दातांनी नाही," ते म्हणाले. "ते गव्हाचे आहेत."